फसवे शब्दमित्र

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. त्यानंतर सहस्रावधि फ्रेंच शब्द इंग्रजींत आले. म्हणून इंग्रजी जाणणारास फ्रेंच पुस्तक उघडतांच ओळखीचे शब्द भेटतात. परंतु शतकें लोटलीं तसे कित्येकांचे अर्थ निराळ्या वाटांनीं गेले. इंग्रजी ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय, फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचें दुकान. इंग्रजी ‘रेझिन’ म्हणजे मनुका. तींच अक्षरें फ्रेंचांत ‘रेझँ’ होऊन द्राक्षें दर्शवितात. फ्रेंच ‘दमांदे’ म्हणजे केवळ विचारणें किंवा मागणें. त्यास इंग्रजी ‘डिमांड’ समजल्यास नम्र विनंतीही उद्धट भासते व विनाकारण मनें दुखावतात. १९२८ सालीं केस्लेर व दरोकिन्यी या फ्रान्समधील ग्रंथकारांनीं अशा शब्दांस ‘खोटे मित्र’ हें नांव दिलें. आपल्याकडेही ‘शिक्षा’ शब्द हिंदींत शिक्षण सुचवितो, मराठींत दंड!

अनोळखी शब्दापाशीं आपण थांबतों व कोश पाहतों. ओळखीच्या शब्दापाशीं थांबत नाहीं, आणि तेथेंच फसतों. यास्तव शब्दाच्या रूपावर भुलूं नका. वाक्याचा संदर्भ पाहा, आणि अर्थ जुळेनासा झाला कीं कोश उघडण्याचा आळस करूं नका.