स्वयंचलित तिकीटद्वार : सहलीपूर्वीचा एक पाठ

इयत्ता : चौथी ते सातवी. साहित्य : मीटरपट्टी, दोन बाके, पुठ्ठ्याची तिकिटे.

मुंबईत २०१४ साली, नागपुरात २०१९ साली व पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली. शाळेच्या सहली आता तेथे जातात. या स्थानकांवर तिकीट तपासण्याचे काम यंत्र करते. म्हणून मुलांस त्याची ओळख आधीच करून द्यावी.

यंत्राचे कार्य : वाटेच्या दोन्ही बाजूंस उभ्या पेट्या व मध्ये झडपा असतात. तिकीट अथवा कार्ड ठरलेल्या जागी धरले की संगणक ते पडताळतो व झडपा उघडतात. पेट्यांतील अदृश्य किरण माणसामुळे अडतात. त्यावरून तो कोठे आहे हे यंत्र ओळखते. तो पार झाला की झडपा मिटतात. बाहेर पडतानाही तिकीट लागते, म्हणून ते जपून ठेवावे.

धोका : यंत्र किरण मोजते, मूल ओळखत नाही. दोघे एका तिकिटावर घुसले, कोणी मध्येच थबकले किंवा दप्तर मागे लोंबत राहिले, तर झडप अंगावर मिटण्याचा संभव असतो. ‘एक तिकीट, एक मूल, न थांबता’ हा नियम पाठ करून घ्यावा. एका शिक्षकाने प्रथम पलीकडे जावे व दुसऱ्याने शेवटी यावे. आग लागल्यास सर्व दारे एकदम उघडी करण्याची सोय असते. तेव्हा तिकीट शोधत बसू नये.

सर्वांसाठी वाट : दोन बाके प्रथम ५५ सेंटिमीटर अंतरावर ठेवावीत. चाकाची खुर्ची सुमारे ६५ सेंटिमीटर रुंद असते. ती जाईल काय, हे मुलांनीच मोजून सांगावे. मग अंतर ९० सेंटिमीटर करावे. स्थानकावरील रुंद दार सुमारे एवढेच असते. दारावरील हिरवा बाण व तांबडी फुली अंध मुलास दिसत नाही. त्यास पायाखालच्या उंचवट्यांच्या फरशा व सोबत्याचा हात वाट दाखवितात.

‘त्याला गर्दीत कसे न्यावे?’ असे म्हणून अपंग विद्यार्थ्यास सहलीतून वगळले जाते. रेल्वेस्थानके त्याला सुगम करणे हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. रुंद दार त्याच्याचसाठी आहे. तेथील कर्मचाऱ्यांस आगाऊ कळवावे, पण मूल गावी ठेवू नये.

प्रश्न : १. झडप केव्हा मिटते? २. आपल्या वर्गाचे दार किती रुंद आहे? त्यातून चाकाची खुर्ची आत येईल काय?