आजोबांची पावले कुठे गेली?

पावले मोजणारे मनगटी पट्टे तुम्ही पाहिलेच असतील. पुष्कळ घरांत आजी-आजोबांनाही असा पट्टा हौसेने आणून देतात. पण आजोबा अर्धा तास फिरून आले, तरी त्यावरचा आकडा कधीकधी फारच लहान दिसतो. ते हिरमुसतात आणि पट्टा कपाटात जाऊन पडतो. मग आजोबांची पावले गेली कुठे?

पट्ट्याला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत त्वरणमापक असतो. त्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की हा तुकडा किंचित सरकतो, शेजारच्या पट्टिकांमधील विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. चालताना हात झुलतो, शरीर वरखाली होते, म्हणून त्वरणाच्या ठरावीक लाटा उमटतात. त्यांवरून पावले मोजली जातात. पण जेवताना किंवा केस विंचरतानाही हात हलतोच! ती हालचाल पावलांत धरली जाऊ नये, म्हणून अगदी लहान लाटा सोडून दिल्या जातात.

अडचण इथेच येते. झोक्याचा पल्ला तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर त्वरण निम्मे होत नाही. ते एक चतुर्थांश होते. कारण ते वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हातारपणी चाल मंदावते, हातही कमी झुलतो. काठी किंवा वॉकर धरलेला हात तर मोकळा झुलूच शकत नाही. अशा वेळी खरी पावलेही लहान लाटांबरोबर वगळली जातात.

आता डोळ्यांकडे वळू. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग ताठर होते आणि निकटबिंदू दूर जातो. विसाव्या वर्षी तो सुमारे 10 सेंटिमीटरवर असतो, साठीत तो 1 मीटरच्या आसपास जातो. वर्तमानपत्र लांब धरता येते, पण मनगट हाताच्या लांबीपलीकडे कसे नेणार? चष्म्याशिवाय तो चिमुकला आकडा धूसरच दिसतो. त्यात संधिवाताच्या बोटांना एका हाताने बक्कल लावणे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट. रोज 10,000 पावले चाललीच पाहिजेत, असे अनेकांना वाटते. हा आकडा प्रसिद्ध झाला तो जपानमध्ये 1965 साली विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकामुळे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा आहे. तो वैद्यकीय चाचणीतून ठरलेला नव्हता. तेव्हा आकडा गाठला नाही म्हणून आजोबांनी खंत करण्याचे कारण नाही.

करून पाहा : पट्टा बांधून, तोंडाने मोजत 100 पावले नेहमीसारखी चाला. मग 100 पावले अगदी सावकाश, आणि पुढची 100 पावले सायकलचे हँडल दोन्ही हातांनी धरून, ती ढकलत चाला. शेवटी पट्टा घोट्याला बांधून सावकाश चाला. प्रत्येक वेळचा आकडा वहीत मांडा. कोणत्या वेळी तो 100 च्या सर्वांत जवळ आला? का?

नंतर आजोबांबरोबर फिरायला जा आणि त्यांची पावले तुम्ही स्वतः मोजा. पट्ट्याने किती गाळली, ते त्यांना अवश्य सांगा.