साच्याचं माप

चि. बाळ,

उद्यमनगरात लेझर कटिंगच्या कामावर लागलीस आणि पहिलंच काम सुभाषनगरच्या कारागिरांसाठी कोल्हापुरी चपलेचे साचे काढायचं मिळालं, असं ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. पण कातड्यावर साचा ठेवून रापी चालवणाऱ्याला आता तुझ्या रेषेवर विसंबायचं आहे.

म्हणून आकार माउसनं ओढून नक्की करू नकोस. ओबडधोबड काढ, मग लांबी-रुंदीच्या चौकटीत मिलिमीटरचा आकडा स्वतः टाइप कर. आपल्याकडं नंबर इंग्लिश मापानं चालतो. एका नंबराला इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८.४७ मिलिमीटर, सात नंबर २७१ च्या आसपास. युरोपची मागणी आली तर एका नंबराला ६.६७ धर.

जुन्या फाइलींपासून विशेष जप. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर पूर्वी एका इंचाचे ९० पिक्सेल धरायचं. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतं. जुनी फाइल उघडताना ते मापाबद्दल विचारतं. तिथं घाईत काहीही दाबलंस तर चित्र सोळाव्या हिश्शानं लहान होऊ शकतं, आणि सात नंबरचा साचा बरोबर पाच नंबरचा होऊन बसतो! पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट, आकडा कुठल्या कडेपासून मोजलाय ते बघ. एक मिलिमीटर जाडीची आउटलाइन असली तर इंकस्केप ती धरून माप दाखवतं, कोरल हे दुसरं सॉफ्टवेअर फक्त मूळ रेषेचं. इंकस्केपच्या सेटिंगमध्ये भौमितिक चौकट निवड. लेझर तर रेषेच्या मधोमध जाळत जातो, त्यामुळं तुकडा थोडा लहान निघतो आणि भोक मोठं. आधी १०० मिलिमीटरचा चौकोन कापून व्हर्नियरनं मोज. ९९.८ भरला तर बाहेरची रेषा ०.१ बाहेर सरकव, वादी ओवायच्या चिरांची तेवढीच आत घे. सामान बदललं की हा चौकोन पुन्हा काप.

नंबर वाढवताना लांबी-रुंदीचं प्रमाण बांधणाऱ्या कुलपाची खूण लावून अख्खा साचा ताणला की पट्ट्यातल्या चिराही रुंदावतात. वादीची जाडी मात्र तीच असते, मग वीण सैल पडते. चिरा वेगळ्या ठेव, त्यांची फक्त जागा बदल.

पहिले साचे पुठ्ठ्यावर काप, ॲक्रिलिक महाग आहे. ते कारागिरांकडं स्वतः घेऊन जा. त्यांनी कुठं कड घासली, कुठं गोलाई वाढवली, ते पेन्सिलीनं खूण करून आण आणि आकड्यानं फाइलीत घाल. कुठं अडलं तर फाइल मला पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा