तेलाचा करारनामा

दस्तऐवज वाचणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. खरेदीखत असो, गहाणखत असो वा हक्कसोडपत्र असो, त्यातील चतुःसीमेच्या एका शब्दापायी किंवा मुदतीच्या एका आकड्यापायी पुढे कोणता पक्षकार खड्ड्यात जाणार, हे मी पानावर नजर टाकताच सांगतो, असा माझा लौकिक पुण्याच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात आहे. आणि तो सर्वस्वी अनाठायी नसावा. असे असूनही माझ्या स्वतःच्या मोटारीबरोबर आलेले जाडजूड पुस्तक मी अडीच वर्षांत एकदाच उघडले, आणि तेही त्यातले मला सोयीचे असे एकच वाक्य वाचून मिटले. त्या आळसाचा जमाखर्च येथे मांडतो आहे. वेगवान मोटारींचा नाद आता आपल्याकडेही पुष्कळांना जडला असून, मी ज्या खात्यावर नुकसान लिहिले त्याच खात्यावर ते लिहिण्याची पाळी इतरांवर येऊ नये, एवढाच त्यातला हेतू.

पन्नाशी उलटल्यावर मी ही गाडी घेतली, तीही जुनी. दोन लिटरचे, टर्बो बसवलेले पेट्रोल इंजिन. गाडीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. पहिल्यांदा तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा मी एका जुन्याजाणत्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या हाताखालून शेकडो इंजिने गेलेली. आणि ज्या इंजिनांवर त्यांची हयात गेली त्यांच्यापुरता त्यांचा शब्द प्रमाणच होता. ते म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, आपला मुलूख गरम. हे पाच-डब्ल्यूचं पातळ पाणी तिकडच्या बर्फातल्या लोकांसाठी. तुम्ही वीस-पन्नास टाका आणि निवांत राहा.’’ युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता, शिवाय दर बदलामागे साडेतीन हजार रुपये वाचत होते. मी मान डोलावली. घरी येऊन पुस्तकात पाहिले, तर तेल पंधरा हजार किलोमीटरांनी किंवा वर्षाने, जे आधी घडेल तेव्हा, बदलावे असे छापलेले होते. ती मुदत मी तत्काळ मान्य केली. त्याच वाक्याच्या वरच्या ओळीत ‘खालील मान्यता-क्रमांक धारण करणारे तेल वापरल्यास’ अशी अट होती, आणि जी अट अशिलाच्या कागदात मी तांबड्या शाईने अधोरेखित केली असती ती येथे माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही.

इंजिन पूर्वीपेक्षा शांत झाले. घट्ट तेलाने आवाज दबतो, आणि दबलेल्या आवाजाला आपण प्रकृती समजतो. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने बारीक खडखड ऐकू येई. ती पुण्याच्या थंडीच्या नावावर लिहून मी मोकळा होत असे.

दुसऱ्या बदलानंतरचे पंधरा हजार संपत आले असताना भाच्याच्या आग्रहावरून मी कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर गेलो. दोन किलोमीटरांहून थोडा अधिक असा तो मार्ग; हौशी माणसाला आपली गाडी तेथे पैसे भरून निर्वेधपणे पळवता येते. सहाव्या फेरीत एका लांब वळणावर किटलीच्या चित्राचा तांबडा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ होताच विझला. ‘‘मामा, लगेच बंद करा!’’ शेजारी बसलेला भाचा ओरडला. दिव्याचेच काहीतरी बिघडले असेल असे मनाशी ठरवून मी आणखी अर्धी फेरी पुरी केली. पुढे जो ठक्-ठक् असा कोरडा, घणाघाती आवाज सुरू झाला तो एकदा ऐकलेल्या माणसाला पुन्हा ओळखावा लागत नाही. गाडी टेम्पोवर चढून पुण्याला आली.

इंजिनाचे चेंबर उतरवले तेव्हा मी जातीने हजर होतो. गुऱ्हाळावर काकवी करपली की काहिलीच्या तळाशी जो काळा, चिकट थर बसतो, तसा थर आत सर्वत्र होता, आणि पंप ज्या जाळीतून तेल ओढतो तिची निम्म्याहून अधिक छिद्रे त्याने बुजवली होती. टर्बोला तेल नेणारी बोटाहून बारीक नळी आतून कोळशाने अरुंद झालेली. वळणावर तेल एका बाजूला सरकले, अर्धी बुजलेली जाळी उघडी पडली, दाब गेला आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग क्रँकवर धातूला धातू घासत फिरले. कारण इतके सरळ होते. टर्बोची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, धुराड्याच्या उष्णतेशेजारी राहते, आणि तिच्या दांड्याला तेलाच्या पापुद्र्याखेरीज दुसरा आधार नसतो. तेथे साधे खनिज तेल पंधरा हजार किलोमीटर उकळत ठेवल्यास त्याचा कोळसा होणारच. मिस्त्री स्वतः ते तेल पाच हजारांवर काढून टाकत आले होते. त्यांचे तेल आणि पुस्तकाची मुदत अशी सांगड मी घातली होती, ती दोघांपैकी कोणीही सांगितलेली नव्हती. बिल दोन लाख चाळीस हजारांचे झाले.

त्यानंतर मी हा विषय कज्ज्यासारखा अभ्यासला. प्रथम त्या ‘गरम मुलखा’चा निकाल लावतो. डब्यावरच्या 5डब्ल्यू-40 मधील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंड तेल किती सहज हलते हे सांगतो, आणि दुसरा आकडा तेल स्वतः 100 अंश सेल्सिअसला असताना किती घट्ट राहते हे सांगतो: 40 या श्रेणीचे तेल त्या तापमानाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स असावे लागते, 50 या श्रेणीचे 16.3 ते 21.9. बाहेर पुण्याचा मे असो की युरोपातला जानेवारी, इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅट त्याला जवळपास त्याच तापमानावर धरून ठेवतो. तेव्हा आमच्या उन्हाळ्याचा त्या दुसऱ्या आकड्याशी संबंध समज आहे त्याहून फारच थोडा. उलट आमची सौम्य सकाळसुद्धा तेलाच्या दृष्टीने थंडच. वीस अंशांवर तेच तेल तापलेल्या अवस्थेपेक्षा कितीतरी पट घट्ट असते, आणि 20डब्ल्यू-50 हे अशा वेळी 5डब्ल्यू-40 च्या जवळजवळ दुप्पट. माझी दोन-तीन सेकंदांची खडखड म्हणजे वरच्या भागांना तेल पोचेपर्यंतचा विलंब होता.

परंतु श्रेणीचा आकडा जुळला म्हणजे काम झाले असे मानणारा माणूस माझ्याइतकाच अर्धवट वाचक होय. एकाच 5डब्ल्यू-30 च्या दोन डब्यांत दोन भिन्न स्वभावांची तेले असू शकतात. बेअरिंगमध्ये प्रत्यक्ष जो ताण पडतो त्याचे अनुकरण करून, 150 अंशांवर आणि अतितीव्र घर्षणगतीत तेलाची घट्टता मोजतात. युरोपीय ए-सी-ई-ए संस्थेच्या ए5/बी5 वर्गात ती 2.9 ते 3.5 मिलिपास्कल-सेकंद चालते, तर सी3 वर्गात ती किमान 3.5 लागते. पहिले तेल इंधन वाचवते, दुसरे बेअरिंग जपते. समोरच्या बाजूला दोन्हींवर अक्षरे तीच. अमेरिकन ए-पी-आय संस्थेच्या वर्गांचेही तसेच: मी वापरलेला डबा 2001 साली आलेल्या एस-एल वर्गाचा होता. टर्बो आणि थेट सिलिंडरात इंधन फवारणारी इंजिने कमी फेऱ्यांवर अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडतात, आणि त्याला तेलातील कॅल्शियमयुक्त क्षालकांचाही हातभार लागतो, हे लक्षात आल्यावर 2018 साली एस-एन प्लस व 2020 साली एस-पी हे वर्ग आले. माझ्या इंजिनाला हवे होते ते रक्षण त्या जुन्या डब्यात असणे शक्यच नव्हते.

आता वकिलाच्या जिव्हाळ्याचा मुद्दा: शब्द. ‘फुल्ली सिंथेटिक’ या दोन शब्दांना मी फार मोठे समजत असे. वास्तविक अमेरिकेत 1999 साली जाहिरातींच्या एका वादात, खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळणाऱ्या तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल असा निवाडा झाला, आणि तेव्हापासून त्या शब्दाची व्याप्ती पुष्कळ ऐसपैस झाली. ही तेले वाईट मुळीच नव्हेत. मात्र त्या शब्दाने काही सिद्ध होत नाही. ‘रेसिंग’ या शब्दाने तर त्याहून कमी. एके काळी शर्यतींच्या मोटारींत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांत एरंडेल जळत असे, कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर म्हणजे एरंडीवरूनच पडले; माझ्या आजीच्या फडताळातली बाटली या अर्थाने अस्सल रेसिंग ऑइलचीच होती.

पाहायचा तो डब्याच्या मागचा बारीक छापा. फोक्सवॅगनचा 502 00, मर्सिडीज-बेंझचा 229.5, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-01, पोर्शेचा ए40 हे मान्यता-क्रमांक होत. तेलाची चाचणी होऊन गाडीच्या निर्मात्याने ते लेखी मंजूर केल्यावरच ‘अप्रूव्हल’ असे म्हणता येते. त्याच्याच खाली ‘मीट्स’, ‘सूटेबल फॉर’, ‘रेकमेंडेड फॉर’ अशा शब्दांनी दुसरी यादी असते. पहिली यादी म्हणजे नोंदणी झालेले खरेदीखत. दुसरी म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या हस्ताक्षरात दिलेला भरवसा. तो खरा असेलही, परंतु वाद उद्भवला तर आपल्या हाती कागद नाही.

गाडी मार्गावर पळवायची असेल तर बाब थोडी बदलते. तेथे तेल 130 अंशांच्या पुढे सहज जाते, आणि तुमच्या पुस्तकाने दोन श्रेणींना मुभा दिली असेल तर त्यांतली घट्ट श्रेणी घेण्यास माझी हरकत नाही. मुभा नसेल तर घट्टपणा वाढवण्यापेक्षा तेल लवकर बदलणे हाच शहाणा मार्ग. निघण्यापूर्वी डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपाशी असावी, तिच्या वर मात्र नको, कारण क्रँकने घुसळलेल्या तेलाचा फेस होतो. फेरी संपल्यावर शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवावा आणि इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करावे. किटलीचा दिवा क्षणभर जरी लागला तरी जागच्या जागी इंजिन बंद; येथे दुसरे मत नाही.

डबा अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्यावा, आणि सील आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावावे. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरून कोणाच्या गळ्यात पडणार नाही. काढलेल्या तेलाचा शंभर मिलिलिटर नमुना प्रयोगशाळेत दिल्यास लोह, तांबे, शिसे किती झिजून आले आणि पेट्रोल किती मिसळले ते आकड्यांत कळते. हा खर्च मी पूर्वी केला असता तर तांब्या-शिशाच्या आकड्यांनी मला कोइमतूरला जाऊच दिले नसते.

नवे बेअरिंग बसल्यापासून तेल मान्यता-क्रमांकाचेच पडते. पुस्तकाने पंधरा हजारांची मुदत दिली असली तरी, गाडी वर्षातून दोनदा मार्गावर जात असल्याने, मी ते साडेसात हजारांवर बदलतो. मागील महिन्याचा अहवाल आला आहे: तांबे चार, शिसे एक.