उतारवयात पाय चालते ठेवा



नांदेड असो की लातूर, आपल्या वस्तीत एक दृश्य बऱ्याच घरी दिसते. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केलेली, ऊसतोडीला गेलेली, बांधकामावर विटा वाहिलेली आजी दाराशी बाजेवर बसून असते. लेक-सुना मायेनेच म्हणतात, "माय, लई केलंस, आता निवांत बस." काही महिन्यांनी तीच माय उठताना भिंत धरू लागते. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि सारे घर दवाखान्याच्या खर्चात बुडते.

असे का होते? वय वाढले की स्नायू हळूहळू झडतात. बसून राहिले की ते आणखी लवकर झडतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पायांत बळ नसले की तोल जातो आणि पडण्याच्या भीतीने माणूस आणखीच बसतो. हे चक्र तोडायचे आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही जन्मभर कष्ट केले, आता व्यायाम कशाला?" कष्टात शरीराला निवड नव्हती. वाकून वाकून कंबर गेली, ओझ्याने गुडघे झिजले. आता शरीराला झेपेल तेवढी, पण रोजची हालचाल हवी. कालच्या मजुरीने आजचे स्नायू टिकत नाहीत.

आपल्या गोदावरीकाठचेच उदाहरण पाहा. बावरी हे नाव बावरीनगरच्या महाविहारामुळे आपल्या ओळखीचे आहे. सुत्तनिपातात सांगितले आहे, की गोदावरीकाठी राहणाऱ्या वृद्ध बावरीने आपले १६ शिष्य तथागतांकडे पाठवले. पैठण, उज्जैन, विदिशा, श्रावस्ती असा प्रवास करीत ते राजगृहाजवळ पोहोचले. त्यांतला पिंगिय अतिशय म्हातारा होता. अंगात बळ उरले नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना नीट ऐकू येत नाही, हे त्याने तथागतांपासून लपवले नाही. म्हातारपण मान्य केले, पण शिकणे सोडले नाही. परत आल्यावर तो बावरीला म्हणाला, की आता शरीर तिकडे जाऊ शकत नाही, मन मात्र नित्य जाते.

तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत सजगतेने चालण्याचे, पाच लाभ सांगितले. प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना मिळालेली एकाग्रता बराच काळ टिकते. ते स्वतः ८० व्या वर्षी राजगृहाहून कुशीनगरापर्यंत चालत गेले. वाटेत आजारी पडले, थकले की चीवर अंथरून विसावले आणि पुन्हा निघाले. आपणही तसेच करावे. थकलो तर बसावे, पण उठणे सोडू नये.

रोज काय करावे?

१. चालणे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाच्या हालचालीचा सल्ला देते. म्हणजे ५ दिवस रोज अर्धा तास. एकदम जमत नसेल तर १० मिनिटे तीनदा चाला. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. गल्लीत नाली उघडी असेल तर विहाराच्या अंगणात चाला. चैत्र-वैशाखात ऊन चढण्याआधीच चालून घ्या.

२. उठणे-बसणे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा. हात छातीशी बांधून ५ वेळा उठायला १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर पाय कमजोर झाले आहेत असे समजा.

३. तोल. दाराची चौकट धरून टाचा उचला, मग एका पायावर १० सेकंद उभे राहा. कोणीतरी जवळ असू द्या.

४. आहार. नुसत्या भाकरी-ठेच्यावर स्नायू टिकत नाहीत. ताटात वरण, उसळ, शेंगदाणे, अंडी किंवा मासे यांतले काहीतरी रोज असू द्या. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने द्या.

सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्या. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, रोज रात्री तळपाय पाहा. चालताना छातीत दाब आला, दम लागला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. त्रास थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

घरच्यांचे काम निम्मे आहे. न्हाणीतले शेवाळ घासा, धरायला भिंतीत दांडी बसवा, रात्री उजेड ठेवा. मुख्य म्हणजे "बस" म्हणण्याऐवजी "चल, मी येतो" म्हणा. ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्यांना लेकीच्या गावी, धम्म परिषदेला जाऊ द्या.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सर्वांत आधी आपले ज्येष्ठच येऊन बसतात. वाचनाआधी १० मिनिटे सर्वांनी मिळून विहाराभोवती चालावे. म्हातारपण कोणाला चुकत नाही. पण त्या वयात स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत, विहारापर्यंत जाता यावे, हा आपल्या मायबापाच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

आजच संध्याकाळी मायचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. जयभीम!