किटऐवजी कात्री

‘बाई, तिला आवड खूप आहे हो, पण आम्हाला नाही परवडत.’ पालकसभा संपली, की कुणी तरी आई किंवा बाबा मागे रेंगाळतात आणि हे सांगतात. सांगताना आवाज खाली जातो, जणू काही गुन्हाच झालाय. म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचंय.

मी शाळेत हस्तकला शिकवते. छंदाला पैसे लागतच नाहीत, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. पोहायला तलाव लागतो, तबला शिकायला तबला लागतो, आणि दोन्हीची फी भरताना घरखर्चाची ओढाताण होते, हे मला ठाऊक आहे. पण मुलांच्या हातांना काही तरी करून पाहायची जी ओढ असते, तिला लागणारं बहुतेक सामान तुमच्या घरात आत्ता पडलेलं आहे. आणि विकत आणण्यासारखं जे थोडं आहे, ते दुकानदार पुढे करतो ते नव्हे.

आधी त्या खोक्यातल्या किटबद्दल बोलू. चारशे-पाचशे रुपये मोजून आपण ते आणतो. आत मोजके मणी, मोजका दोरा, एकच कॅनव्हास आणि छापील सूचना. मूल पहिल्याच दुपारी ते उघडतं आणि आपण शेजारी बसून म्हणत राहतो, ‘नीट कर हं, वाया घालवू नकोस.’ इथेच सगळं बिनसतं. पैसे गेले याचं मला तितकं वाईट वाटत नाही. महागाच्या सामानामुळे मुलाला चुकायची मुभाच राहत नाही, याचं वाटतं. त्याच मुलाला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा द्या. ते घोड्याचे पाय दहा वेळा चुकवेल, कागद चुरगाळून फेकेल आणि पुन्हा काढायला बसेल. हात वळतो तो अशा फेकलेल्या कागदांवर.

पैसे खर्चायचेच असतील तर ते हत्यारावर खर्च करा. घरातली एक कात्री मुलासाठी चांगली हवी. प्लॅस्टिकच्या बोथट कात्रीत कागद दुमडतो, फाटतो, आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. असं वाटून कातरकाम कायमचं सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत. मूल डावखुरं असेल तर आणखी लक्ष द्या. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली, की पाती एकमेकांवर दाबली जायच्या ऐवजी फाकतात आणि कापायची रेघ पात्याआड जाते. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, ती आणून द्या. कात्रीबरोबर एक स्टीलची पट्टी, दोन-तीन जाडीच्या सुया आणि केस न गळणारा एक ब्रश घ्या. ही खरेदी वर्षानुवर्षं पुरते. आणि कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा नियम घरात सगळ्यांनी पाळायचा, बाबांनीसुद्धा.

बाकीचं सामान फुकट येतं. लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो, भेटकार्डं आणि खोकी करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. ओळखीच्या शिंप्याला सांगून ठेवा, तो पिशवीभर कात्रणं देईल. डिंकाच्या बाटल्या आणत बसू नका, मैद्याची खळ करा. दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि कपभर उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बुक बायंडर खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, ते विषारी असतं. दोन दिवसांत संपेल इतकीच करावी. सुई धरायला शिकवायचं तर जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर घ्या. नव्या कापडात खळ असते, सुई अडते आणि चिमुकली बोटं दुखतात. चार पदर एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. बाहुलीच्या मापाची गोधडी आठवड्याभरात होते.

या विषयात अरविंद गुप्तांचं नाव घ्यायलाच हवं. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत होता. कंपनीतून रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या शाळांमध्ये गेले. तिथे प्रयोगशाळा नव्हत्या, पण आठवड्याचा बाजार भरत होता. त्या बाजारातल्या स्वस्त वस्तूंमधून त्यांनी मुलांसाठी वैज्ञानिक खेळणी बनवायला सुरुवात केली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं एक खेळणं तुम्ही घरी करून पाहाच. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. आगपेटीच्या काड्यांची गुलं खरवडून टाका, हे काम मोठ्यांनीच करावं. आता नळीच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सरकवली, की सांधा तयार. तीन काड्या आणि तीन नळ्यांचा त्रिकोण होतो, चार-चारचा चौकोन. मुलाला चौकोन बाजूने दाबायला सांगा, तो लगेच तिरका होऊन कलंडतो. त्रिकोण दाबला तर हलत नाही. एवढं झालं की मुलाला घेऊन बाहेर पडा. विजेच्या तारांचे मनोरे, रेल्वेचा लोखंडी पूल, पत्र्याच्या छपराखालची कैची, सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण का आहेत, ते त्याचं त्याला दिसेल. नळीच्या मध्यावर सुईने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी खोचली, की जमिनीवरचा त्रिकोण उभा राहायला लागतो. आमच्या वर्गात हे सुरू झालं, की मधल्या सुट्टीची घंटा वाजली तरी मुलं जागची उठत नाहीत. या खेळण्यांची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, मराठीतही आहेत.

आणि दिवाळीतला किल्ला? दगड, विटा, चिखलात बुडवलेलं गोणपाट, गवतासाठी पेरलेले हळीव किंवा मोहरी. वाड्यातली, चाळीतली, सोसायटीतली पोरं एकत्र येऊन करतात, त्यात श्रीमंत-गरीब काही राहत नाही. आता बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. मला ते मनापासून नकोसे वाटतात. माती कालवायची, बुरूज ढासळायचा, पुन्हा रचायचा, हळीव उगवले का ते रोज सकाळी वाकून पाहायचं. मुलांचा सगळा आनंद यातच तर असतो, तोच आपण पैसे देऊन टाळतो.

आता जरा अवघड गोष्ट. मैत्रिणीकडे ऐंशी रंगांची पेटी आहे, आपल्याकडे बारा. मुलगी रडत घरी येते. अशा वेळी दोन गोष्टी करू नका. उसने पैसे काढून पेटी आणू नका, आणि ‘आपण गरीब आहोत’ म्हणून तिच्यासमोर डोळ्यांत पाणीही आणू नका. सरळ सांगा, ‘या महिन्यात तुझ्या छंदासाठी शंभर रुपये आहेत, त्यात काय घ्यायचं ते तू ठरव.’ आकडा खरा सांगा. पन्नास असतील तर पन्नास म्हणा. मुलांना कमी पैशांचं फारसं दुःख नसतं, त्यांना खुपते ती आपली लपवाछपवी. हिशेब हातात आला, की मुलं आपल्याहून काटकसरी होतात. आणि त्या बारा खडूंत लाल-पिवळा मिसळून नारिंगी कसा होतो, पिवळ्यात निळा किती घातला की कोवळ्या पानाचा हिरवा येतो, हे तिला शोधू द्या. ऐंशीच्या पेटीत हे शोधायची वेळच येत नाही.

पैशांपेक्षा आपल्या घरांत जास्त टंचाई कशाची असेल, तर ती जागेची आणि सवडीची. एका खोलीच्या घरात अर्धवट काम रोज आवरून ठेवावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी उत्साह मावळतो. यावर एक साधा उपाय करा. एक मोठा पुठ्ठा किंवा जुना ट्रे मुलाच्या नावाचा करा. काम त्यावरच करायचं आणि रात्री आहे तसा ट्रे उचलून कपाटावर ठेवायचा. घरी आलेल्या पाहुण्यांनी पसारा पाहिला तर पाहू दे. सवडीचं म्हणाल तर शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत मुलाचा सगळा दिवस भरून टाकू नका. अर्धा तास रिकामा ठेवा, त्यात मोबाइलही नको.

‘याचा पुढे काय उपयोग?’ असं मात्र विचारू नका. गोधडी शिवणारी मुलगी फॅशन डिझायनर होईलच असं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. तिला शिवताना बरं वाटतं, एवढं पुरे आहे.

शेवटचं तुमच्याबद्दल. तुमच्यापैकी कुणी विणत होतं, कुणी पतंग करत होतं, कुणी बासरी वाजवत होतं. संसारात ते मागे पडलं. ट्रंकेतली क्रोशाची सुई बाहेर काढा आणि उरलेल्या लोकरीवर मुलासमोर बसून साखळी घाला. चुकली तर त्याच्यासमोरच उसवा. तुमच्याकडे पाहून ते जे शिकेल, ते मला वर्गात शिकवता येत नाही. पुढच्या पालकसभेला मला भेटाल तेव्हा ‘परवडत नाही’ हे खाली मान घालून सांगू नका. मुलाने काय केलंय ते पिशवीत घालून घेऊन या. अर्धवट असलं, बिघडलेलं असलं तरी आणा.