वीज जाते तेव्हा : शाळेतील संगणकाचे रक्षण

वीज गेली म्हणजे दिवा विझतो आणि ती परत आली म्हणजे पूर्ववत् उजळतो. त्यात दिव्याचे काही जात नाही. संगणकाचे तसे नाही. आपण लिहीत असलेला मजकूर प्रथम त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि ही स्मृती प्रवाहाच्या आधारावरच टिकते. चाचणीचे गुण भरीत असता प्रवाह खंडित झाला, तर न साठविलेले गुण नाहीसे होतातच; पण त्याच क्षणी चकतीवर लेखन चालू असेल तर पूर्वीची धारिकाही बिघडण्याचा संभव असतो. यंत्र पुन्हा विकत आणता येते, मुलांच्या वर्षभराच्या नोंदी येत नाहीत.

पुणेकरांस ही अडचण नवी नाही. 2005-06 च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा पडून भारनियमन चालू होते. तेव्हा कारखान्यांनी आपली जनित्रे चालवून शहराची तूट भरून काढावी, अशी योजना 2006 च्या जूनपासून पुण्यात अमलात आली. ती ‘पुणे मॉडेल’ या नावाने ओळखली जाते. जनित्रांची वीज महाग पडे. तो वाढीव भार शहरातील ग्राहकांवर आकारण्यात आला. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा प्रघातही शहरास परिचित आहे. अशा पूर्वसूचित बंदीचे भय नाही. त्या वेळी संगणक लावूच नये. भय आहे ते वळवाच्या पावसात एकाएकी जाणाऱ्या विजेचे.

त्यावरील उपाय म्हणजे यूपीएस. नळ जाईल म्हणून घरोघर पिंप भरून ठेवतात, तसाच हा प्रकार होय. पेटीतील शिसे-आम्लाची बॅटरी वीज असताना भारित होते. वीज जाताच तिचा एकदिश प्रवाह 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतरित होऊन संगणकास मिळतो. हा पालट सामान्यतः 10 मिलिसेकंदांच्या आत होतो. आपल्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, हे ध्यानी घेतल्यास ही त्वरा लक्षात येईल. घरगुती इन्व्हर्टर पुष्कळदा याहून मंद असतो; त्यास ‘यूपीएस’ अशी खूण असलेली कळ असल्यास ती त्या बाजूस ठेवावी.

वरच्या इयत्तांतील मुलांकडून एक हिशेब करवून घ्यावा. बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची. गुणाकार 84 वॅट-तास. संगणक व पडदा मिळून 120 वॅट घेत असल्यास कागदावर 42 मिनिटे येतात. प्रत्यक्षात मात्र पंधरा-वीस मिनिटेच मिळतात, कारण बॅटरी झपाट्याने रिकामी केली की तिची पूर्ण शक्ती हाती येत नाही आणि रूपांतरातही काही ऊर्जा उष्णतेत जाते. हा अवधी काम पुढे रेटण्यासाठी नव्हे. मजकूर साठवून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहे.

लेझर मुद्रकाची जोडणी यूपीएसवर करू नये. त्यातील तापक एका वेळी शेकडो वॅट ओढतो. भूसंपर्क नीट आहे की नाही, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. आकाशात विजा चमकत असता यूपीएसवर विसंबणे वेडेपणाचे. प्लग व जालाची तार दोन्ही काढून ठेवावीत.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, उष्ण खोलीत त्याहूनही कमी. महिन्यातून एकदा, काम साठविल्यावर, भिंतीवरील कळ बंद करून ती किती मिनिटे तग धरते ते नोंदवहीत लिहावे. निकामी बॅटरीतील शिसे विषारी असल्याने ती वर्गाच्या कोपऱ्यात पडू देऊ नये. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी व तशी पोच घ्यावी.